रिसेप्शनची हवा

संपात वडिलांची गिरणी बंद पडली ती पडलीच. मी तेव्हा शाळेत होते. पुढे त्या पट्ट्यात एकेक काचेची इमारत उभी राहिली आणि त्यातल्या एकीत मला नोकरी लागली, तेव्हा लालबागच्या आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. ती जागा वडिलांच्या गिरणीची नव्हती, शेजारच्या गिरणीची होती. पण एवढा फरक करायची कोणाला गरज वाटली नाही. "बापाला जिथून हाकललं तिथं पोरगी साहेबीण झाली," असं सगळे म्हणायचे. साहेबीण कसली! विम्याचे कागद तपासणाऱ्या कंपनीत मी ॲडमिनला होते. पाण्याचे जार, एसीच्या तक्रारी, झुरळांचं औषध, हा माझा कारभार.

त्या इमारतीची एकही खिडकी उघडत नसे. दुपार कलली की माणसं जांभया देत, कपाळ चोळत बसायची. तक्रार गेली की साहेबांचं उत्तर ठरलेलं, "तुम्ही लोक दुपारी भात खाता. झोप येणारच." साहेब गिरगावातल्या चाळीत वाढलेले, आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात रोज वरणभात असायचा. तरी 'तुम्ही लोक' म्हणताना त्यांची हनुवटी अशी काही वर जायची, की जन्मापासून ते चांदीच्या चमच्यानं जेवत आलेत असं वाटावं.

सगळ्यात वाईट जागा होती आतली खोली. तिथं दोन झेरॉक्स मशिनं होती आणि त्यांच्यामध्ये आमची टेलिफोन ऑपरेटर. कोळीवाड्यातली, आवाज खणखणीत, माझ्याहून थोडी मोठी. तिला दमा होता. फोन जोडून देताना मध्येच ती पर्समधून पंप काढायची, दोनदा ओढायची आणि पुन्हा "गुड आफ्टरनून" म्हणायची. जागा बदलून द्या म्हणून तिनं अर्ज केला, तेव्हा साहेब मला म्हणाले, "समुद्रावर राहणाऱ्यांना कसला आलाय दमा?"

अशात हेड ऑफिसच्या डोक्यात आलं की 'निरोगी कार्यालय' असं प्रमाणपत्र मिळवायचं. मोठे ग्राहक ते बघतात म्हणे. त्यासाठी हवेची नोंद ठेवणारं यंत्र आलं. साबणाच्या डबीएवढं, पांढरं. तापमान, दमटपणा, धूळ, माणसांच्या श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड, सगळं ते आपोआप टिपायचं. वायर लावली की कॉम्प्युटरवर आलेख. शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं, "माणसं जिथं बसतात तिथं, बसलेल्याच्या नाकाच्या उंचीला ठेवा. दाराशी नको, एसीच्या झोतात नको." यंत्र माझ्या ताब्यात आलं. ऑफिसातली शहाणी मंडळी दिवसभर येऊन त्यावर फुंकर मारून आकडे वाढवत आणि हसत बसली.

सराव व्हावा म्हणून शनिवारी मी ते घरी आणलं. आई शेगडीशी सुके बोंबील भाजत होती. धुळीचा आकडा असा उसळला की मी ओरडलेच. "माझ्या बोंबलांका नावां ठेवता मेला!" आई म्हणाली आणि आणखी दोन बोंबील तव्यावर टाकले.

वडील खाटेवर बसून बघत होते. कापसाची धूळ त्यांच्या छातीतून शेवटपर्यंत गेली नाही.

"काय करतं ते?" त्यांनी विचारलं.

"हवा मोजतं, बाबा."

"मोजून?"

"लिहून ठेवतं."

"आणि मग?"

"बस्, एवढंच."

"मग आमच्या गिरणीतल्या डॉक्टरसारखंच की," म्हणाले आणि खोकत आडवे झाले.

सोमवारी मी ते आतल्या खोलीत ऑपरेटरच्या टेबलावर ठेवलं. आलेख पाहायला शिक्षण लागत नव्हतं. सकाळी कामाला सुरुवात झाली की कार्बन डायऑक्साइडची रेघ वर चढायची ती माणसं घरी गेल्यावरच उतरायची. मी तो छापून साहेबांपुढे ठेवला. मला भाबडेपणानं वाटलं होतं की ते दचकतील. ते दचकले खरे.

"हे तिथं ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माणसं बसतात तिथं ठेवायचं आहे ना, सर."

"रिसेप्शनला ठेवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल तरी."

आमचं रिसेप्शन म्हणजे सतत उघडमीट करणारं दार, दोन कुंड्या आणि एक रिकामं टेबल. वॉचमनही बाहेर उभा असायचा. तिथली हवा महाबळेश्वरची निघाली असती. एवढं शिकलेला माणूस आणि त्याची हुशारी ती एवढीच! मला त्यांचा राग आला नाही, किळस आली. भांडून काही होणार नव्हतं, हेही कळत होतं.

"ठेवते," मी म्हटलं, "पण तिथं दिवसभर बसणारं माणूस हवं. रिकाम्या जागेची नोंद प्रमाणपत्रवाले धरत नाहीत. ऑपरेटरचं टेबल तिथं हलवू?"

"ती? रिसेप्शनला?" साहेबांनी नाक मुरडलं. "आणि तिच्या डब्याचा वास?"

"सर, डबा सगळे कँटीनमध्येच खातात."

त्यांनी आलेखाचा कागद उलटा करून ठेवला. प्रमाणपत्र हवं होतं. "बघा, तपासणीपुरतं," म्हणाले.

ऑपरेटर माझ्यावरच उखडली. "मला काय शोभेची कुंडी केलीस काय गं?" पण थोड्या दिवसांनी ती हळूच म्हणाली, "ए, वाक्य एका दमात पुरं होतंय माझं." पंप पर्समध्ये असायचा, पण बाहेर क्वचितच यायचा.

तपासणी झाली, प्रमाणपत्र आलं, केक कापला. साहेबांनी यंत्रावर हात ठेवून फोटो काढून घेतला, पोटच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. 'आपल्या माणसांचं आरोग्य' यावर ते बराच वेळ बोलले. ज्यांची डोकी आदल्या दुपारीही दुखत होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांची आली होती तेवढीच शिसारी मला त्या टाळ्यांची आली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "आता तिला आत पाठवा." मी निरोप जसाच्या तसा दिला. ती उठली नाही. कानाला हेडफोन लावलेलाच ठेवून म्हणाली, "त्यांना म्हणावं, स्वतः येऊन सांगा." साहेब आले नाहीत. फोटोत त्यांच्या शेजारी ती होती, आणि तो हेड ऑफिसच्या मासिकात छापायला गेला होता; आता तिला हलवलं तर तिथून विचारणा झाली असती. ती निवृत्त होईपर्यंत त्याच टेबलावर बसली.

आतल्या खोलीत मग कंपनीचे मोठे कॉम्प्युटर ठेवायचे ठरले. लगेच माणसं येऊन भिंत फोडू लागली. थंड हवेसाठी वेगळी पाइपलाइन टाकायची होती. साहेब स्वतः उभे राहून काम करून घेत होते.

"मशिनं तापतात हो," ते मला म्हणाले. "गुदमरून बंद पडली तर केवढ्याला पडेल!"

"खरंय, सर," मी म्हटलं, आणि कामगारांना चहा सांगायला गेले.