चूल पेटेपर्यंत

माझी बायको मुलाच्या हौसेपायी गेली, असं आमच्या भावकीत गेली दोन वर्षं बोललं जातं. पुण्याहून भाड्याची गाडी आणली, म्हातारीला तीत घालून डोंगरात नेलं आणि ऐन वेळी तिला माळावर सोडून पोरगा धारूरला निघून गेला. यातलं एकेक घडलेलं आहे, आणि तरी हे सगळं मिळून खोटं आहे. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते बोललो नाही.

आम्ही मेंढरांमागची माणसं. आमच्यात वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे. मेंढ्या, घोडी, कुत्री, कोंबड्या, लेकरंबाळं असा जो सगळा संसार या शिवारातून त्या शिवारात हलतो, तो वाडा. दिवाळीनंतर निघायचं, शेतकऱ्यांच्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, त्या खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि पुढं जायचं. माझं लहानपण त्यात गेलं. मग थोडं शिकलो, केजला जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून लागलो आणि माझा वाडा सुटला. बायको मात्र लग्न होईपर्यंत तिच्या बापाच्या वाड्यावरच वाढली होती. मी तिला केजच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. पहिल्या उन्हाळ्यात ती छताकडं बघत पडून राहायची. म्हणायची, "उरावर काहीतरी ठेवल्यागत वाटतंय." मी म्हणायचो, होईल सवय. झाली असावी. मी पुन्हा विचारलं नाही.

वाडा हलायच्या दिवशीची आमची एक रीत होती. सकाळी तळ मोडला की नव्या तळावर चूल पेटेपर्यंत कुणी आपलं दुखणं सांगायचं नाही. पाय मुरगळू दे, अंगात ताप असू दे. एकानं बसकण मारली की सगळा वाडा उन्हात खोळंबतो, मेंढरं दुसऱ्याच्या पिकात शिरतात, त्यावरून मारामाऱ्या होतात. म्हणून तोंड मिटून चालायचं. चूल पेटली, चहाचं आधण चढलं, की मग ज्याचं त्यानं सांगायला सुरुवात करायची.

गाडीची कल्पना मुलाची, असं सगळे धरून चालतात. पहिली चूक इथंच आहे. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होता. नवरा-बायको कॅम्परव्हॅन घेऊन डोंगरात गेलेले, गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणालो, "असली गाडी आण. तुझ्या आईला तिच्या बापाच्या तळावर नेऊ."

"आबा, तो माळ धारूरच्या अलीकडं हाय. रिक्षानं जाऊन यिऊ की."

"रिक्षात मुक्काम करता येतो का?"

तो हसला. फेब्रुवारीत त्यानं शनिवार-रविवार साधून गाडी आणली. सुनेची नोकरी, नातवाची परीक्षा, म्हणून ती दोघं आली नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी ती पांढरी गाडी आमच्या गल्लीत उभी राहिली तेव्हा शेजारचा विचारायला आला, "कोन उभं राहिलंय? प्रचाराची गाडी हाय का?"

बायकोनं आधी बाहेरून चक्कर मारली, मग पदर खोचून आत चढली. छोटा फ्रीज उघडून बघितला, नळ सोडून बघितला.

"संडास बी हाय?"

"हाय की आई."

"आन झोपायचं त्याच्याच उशाला? शिकलेली मान्सं तुमी."

"तू ह्याला वाडाच म्हण."

"वाडा म्हनं! राखणीचं कुत्रं कुठं हाय मग?" माझ्याकडं बघून म्हणाली, "हायेत म्हना तुझे आबा."

गल्लीसमोर मला असं बोललेली ती बऱ्याच वर्षांनी ऐकली. मला बरं वाटलं. तो सगळा शनिवार मी त्या बरं वाटण्यात होतो. पुढं जे झालं त्याचं मूळ माझ्या मते तिथंच आहे.

आधी नारायणगडाला जाऊन दर्शन घ्यायचं, मग बीडवरून वडवणी, तेलगाव करत घाट चढायचा आणि उजेड आहे तोवर माळावर पोचायचं, असं ठरलं होतं. गडावर ती हळूहळू चालली. दोनदा थांबली. थांबल्यावर लांब बघायची, त्यामुळं मला वाटलं ती बघण्यासाठीच थांबतेय. दर्शन झालं, गाडी बीडकडं निघाली. मुलगा पुढं चालवत होता, आम्ही दोघं मागच्या बाकावर. बीड गावात गर्दी होती, गाडी मुंगीच्या पायानं सरकत होती. तेव्हा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता.

"मला कसं तरी व्हायलंय," ती हळूच म्हणाली. "पाठ भरून आलीय. दम लागतोय."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दवाखान्यांच्या पाट्या होत्या. हाडांचे, बायकांचे, हृदयाचे. मला त्या दिसल्या. दिसल्या नाहीत असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. आणि मी तिला म्हणालो, "आज वाडा हललाय. चूल पेटंस्तोवर दुखणं सांगायचं न्हाई. विसरलीस व्हय?"

मी हे हसत म्हणालो. तीही हसली. "माज्या बापागत बोलायला लागलात आता," म्हणाली आणि मनगटावरचा हात काढून घेतला.

पुढून मुलानं आरशात बघत विचारलं, "काय म्हनती आई?"

"काय न्हाई. बसून बसून पाठ अवघडलीय."

"थांबू का?"

"तू चल."

मला रीतीचं काही पडलं नव्हतं. नोकरीला लागल्यापासून मी एक रीत पाळली नाही. तिथं गाडी वळवली असती तर डॉक्टर, तपासण्या, सलाइन, आणि रविवारी परत त्याच दोन खोल्या. आयुष्यभर तिला काही दिलं नाही, आता एकदा देतोय तर ते मोडू नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिच्यासाठी करतोय असं मला वाटत होतं. ते माझ्यासाठी होतं.

घाट चढून माळावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. रान वाळलेलं, लांब किल्ल्याची भिंत. ती खाली उतरली, पायातल्या चपला काढल्या आणि चार पावलं चालून दगडावर बसली. मुलानं गाडीचं मागचं दार वर केलं, शेगडी बाहेर ओढली, लायटर मारला. शेगडी पेटेना. नळी बघितली, खटका बघितला, मग गॅसची टाकी उचलून हलवली. रिकामी होती. त्यानं गाडीवाल्याला फोन लावला आणि बाजूला जाऊन चार शिव्या घातल्या. "निघताना तपासलं कावून न्हाई बे?" एवढं आमच्या कानावर आलं.

तोवर बायको उठून दगड गोळा करायला लागली होती. तीन दगड मांडले की झाली चूल. मुलगा धावत आला. "आई, गाडीजवळ जाळ करायचा न्हाई. तसं कबूल केलंय मी. आपन ढाब्यावर जेवू."

"न्हाई. इथं चूल पेटली पायजे," ती म्हणाली आणि तशीच गाडीत जाऊन आडवी झाली.

मुलगा म्हणाला, गाडी घेऊनच धारूरला जातो, छोटी टाकी भरून आणतो. मी त्याला अडवलं. "गाडी हलवू नको. तिला पडू दे जरा. तू कुनाच्या तरी मोटारसायकलीवर जा." रस्त्यानं एक जण जात होता, त्याच्या मागं बसून तो गेला. आईला माळावर टाकून गेला असं जे म्हणतात ते हे. मी पाठवलं म्हणून तो गेला.

तो जाऊन येईपर्यंत मी तिच्याजवळ होतो. तिच्या कपाळावर घाम होता, मी टॉवेलानं वारा घातला. ती अधूनमधून विचारायची, "पेटली का?" मी म्हणायचो, येईलच आता. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात झाली. दावणीला बांधलेली गाय नुसती कान पाडून उभी राहिली तर मी डॉक्टरांना हाक मारायचो. आणि तिथं मी टॉवेलानं वारा घालत बसलो.

मुलगा आला तेव्हा दिवस मावळला होता. त्यानं घाईनं टाकी जोडली, शेगडी पेटली, चहाचं पातेलं चढलं. मग ती म्हणाली, "आता सांगते. छातीवर धोंडा ठेवल्यागत होतंय." मुलानं पातेलं तसंच फेकलं आणि गाडी सुरू केली. धारूरला डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून त्रास होतोय?" मुलगा शेजारी उभा होता. मी म्हणालो, "आत्ताच. घंटाभर झाला असंल." त्यांनी इंजेक्शन दिलं, पुढं मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. केजच्या अलीकडं ती गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळे जमले. तिचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा, अजून मेंढरांमागंच असतो. तो वाडा रानात ठेवून आला होता. सगळ्यांसमोर त्यानं माझ्या मुलाला धरलं. "म्हातारं मानूस काय सामान हाय का, डब्यात घालून हिंडवायला? आन तिला माळावर टाकून गेलास? टाकीसाठी?"  मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत राहिलो. मी दुःखात आहे असं त्याला वाटलं असणार. मेव्हण्यानं त्या दिवसापासून भाच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या पोरीच्या लग्नात मुलाला निमंत्रण नव्हतं. आईच्या मागं मामा म्हणजे आईच, आणि तो दाराबाहेर. मुलाची तब्येत उतरली. सून एकदा मला म्हणाली, "आबा, हे झोपंत टाकी, टाकी असं बडबडतात." तरीही मी बोललो नाही.

यंदा मेव्हण्याच्या नातवाचं जावळ होतं. वाडा केजजवळच्या एका रानात बसला होता. मेव्हणा स्वतः सांगायला आला आणि उठताना म्हणाला, "तुमी या दाजी. त्याला आनू नका." मी गेलो. बकरं कापलेलं, पंगती बसायच्या होत्या. मला ताटावर बसवेना. मी उभा राहिलो आणि बीडपासूनचं सगळं सांगितलं. बायकांनी भाकरी थापायच्या थांबवल्या.

मेव्हणा म्हणाला, "वाडा सोडून तुमची हयात गेली दाजी. कंदी मेंढरामागं फिरून आला न्हाईत. आन रीत आठवली ती नेमकी माज्या भनीला?"



त्यानं खिशातून मोबाइल काढून मुलाला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. सगळे ऐकत होते. "भाच्या, मामा बोलतोय. तुजा बाप काय सांगतोय बघ." आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा."

मी सांगितलं. पलीकडून त्यानं विचारलं,

"बीडमध्ये बोलली ती?"

"हां."

"मी विचारलं होतं आबा. थांबू का, म्हनून विचारलं होतं."

"इचारलं हुतं."

त्यानं फोन ठेवला. जावळाला सगळी भावकी नव्हती. जे नव्हते ते अजून जुनंच बोलतात. त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

पुढच्या आठवड्यात मुलगा केजला आला. उंबऱ्यातच बसला, आत आला नाही. म्हणाला, "मी टाकी आनायला गेल्तो, तवा आई काय काय बोलली? सगळं सांगा. काही ठेवू नका." मी सगळं सांगितलं. कुठल्या बांधाला तिच्या बापाची घोडी बांधलेली असायची ते ती दाखवत होती. पाणी मागितलं होतं. मुलाच्या पोटात सकाळपासून काही नाही, त्याला आधी वाढा, असं दोनदा म्हणाली होती. हे शेवटचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो ऐकत राहिला. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मोठ्यानं रडला. माळावर, दवाखान्यात, सावडताना तो रडला नव्हता. मी जवळ गेलो नाही.

थोड्या वेळानं त्यानं नळावर तोंड धुतलं. मामाचा वाडा तेव्हा नदीपलीकडं हलला होता, तिकडं जायचं म्हणाला. मी चहाचं विचारलं, तो नको म्हणाला. मला चला म्हणाला नाही, मीही चप्पल घातली नाही.