तीन नंबरच्या इंजिनाची डायरी

आमचे हे एकतीस वर्षं अणुवीज केंद्रात डिझेल फिटर होते. लोकांना वाटतं, तिथे सगळे शास्त्रज्ञच! अहो, बाहेरची वीज गेली तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप डिझेलच्या इंजिनांवरच चालतात.

दर मंगळवारी ती इंजिनं चालवून बघायची. एक आणि दोन नंबर गुणी. तीन नंबर म्हणजे थेट माझ्या सासूबाई, नाकदुऱ्या काढल्याशिवाय हलायचंच नाही. त्याच्या सगळ्या खोडी ह्यांनी एका निळ्या डायरीत लिहून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपासून ह्यांना विसरायला होतं. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. हे गुपित फक्त मला ठाऊक.

नव्या फिटरला नीट वाचता यावं म्हणून, निवृत्तीच्या आदल्या दिवशी ह्यांनी डायरी घरी आणून अक्षर सुधारलं. झालं! सकाळी गेटवर रखवालदाराने ती ह्यांच्या खिशातून काढली. “देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. आतली माहिती बाहेर गेलीच कशी?” डायरीला लाखेचं सील लागलं आणि ती गेटवरच्या कपाटात गेली. चौकशी समिती नेमल्याशिवाय उघडायची नाही म्हणे. समितीचा अजून पत्ता नाही.

परवा तीन नंबर बसलं. संध्याकाळी चारपर्यंत सुरू झालं नाही तर नियमाप्रमाणे अणुभट्टीच बंद करावी लागणार, अख्ख्या शहराची वीज जाणार. ह्यांना बोलावणं आलं. रस्ता चुकतील म्हणून मीही गेले. पण ह्यांचा पास संपलेला, म्हणून आत सोडेनात! इतका संताप आला मला! शेवटी साहेब आणि नवा फिटरच गेटवर आले.

“आधी हवेच्या टाकीतलं पाणी काढ,” हे म्हणाले. “मग खालचा व्हॉल्व्ह अर्धा फिरव. मग...”

“मग काय, काका?”

हे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ? साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेचार.

ह्यांनी रखवालदाराच्या मागच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

“मला आठवत नाही, साहेब,” हे म्हणाले. “म्हणून तर लिहून ठेवलं होतं.”