तिच्या दुखण्याला रिपोर्ट होता

आमच्या घरात दुखणं म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. तिच्या कमरेत गॅप होता. एमआरआयचा मोठा काळा फोटो कपाटावर असायचा आणि कोणी आलं की दीर तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवायचे. "ही बघा, इथे नस दाबलीय." येणारा चुकचुकायचा. सासूबाई तिला खाली बसू देत नसत, हंडा उचलू देत नसत. मी तिथेच कांदा चिरत उभी असायची.

मुरुडला नारळाच्या वाडीत आमची घरगुती खानावळ आहे, वर पाहुण्यांना राहायला थोड्या खोल्या. स्वयंपाक आम्हा दोघींचा. तव्यावरचं काम माझ्याकडे, कारण तिला फार वेळ उभं राहवत नसे.

एका दुपारी सुरमई परतताना मला करपल्याचा वास आला. तुकडी उलटून पाहिली, ती चांगली होती. तेवढ्यात जावेने माझा डावा हात खसकन ओढला. करंगळीची बाजू तव्याला टेकलेली होती.

"वयनी, भाजतंय ते कळत न्हाय तुम्हाला?"

खरंच कळलं नव्हतं. फोड आला, फुटला, तरी दुखलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "चुलीपुढे हात निबर होतात गो. आमचे न्हाय झाले?" विषय संपला. त्याच संध्याकाळी जावेच्या कमरेला शेक द्यायला पिशवीत गरम पाणी भरलं ते मीच, आणि ते किती गरम आहे हे मला दुसऱ्या हाताने बघावं लागलं.

तरी नवऱ्याने अलिबागला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हातावर कापूस फिरवला, तो मला लगेच कळला. मग मानेचा एमआरआय झाला. मज्जारज्जूच्या आत पाण्याची एक बारीक पोकळी दिसली. "अशी पुष्कळांना असते," ते म्हणाले. "दिसली म्हणजे त्रास तिचाच, असं नाही." विजेचे हलके झटके देऊन नसांची तपासणी केली. तीही नॉर्मल.

"चला, सुटलो," नवरा म्हणाला. माझा फोटो कोणी उजेडात धरला नाही. पुढच्या वेळी भाजलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, माझं कामात लक्ष नसतं. जाऊ कण्हली की मला वाटायचं, हिला किती बरं आहे! हिला दुखतं, ते दिसतं, आणि लोकांना पटतं.

भाताच्या टोपाची वाफ मनगटापासून कोपरापर्यंत लागली आणि मी उभीच राहिले, तेव्हा मात्र डॉक्टर गंभीर झाले. मुंबईच्या एका रुग्णालयात उष्णता देऊन नसा तपासतात, तिथे जा म्हणाले. नेमका सुट्ट्यांचा हंगाम, खोल्या भरलेल्या. नवऱ्याला निघता येईना. सोबत जाऊ आली, कमरेला पट्टा बांधून. मांडव्याच्या लाँचमध्ये तो पट्टा बघून एका बाईने तिला खिडकीची जागा दिली. मी पिशव्या घेऊन उभी. आजारी मी, डॉक्टर माझे, आणि समुद्राचा वारा खात ती बसलेली!

तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी माझ्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि एक गोल चकती दाखवली. ती कातडीवर ठेवली की क्षणभर एकदम तापते. तो चटका मेंदूपर्यंत पोचला की पडद्यावर लाट उमटते. मी घाबरलेली दिसले असेन. जाऊ म्हणाली, "आधी मला लावा, मंग वयनींना धीर येईल."

बाईंनी हसून तिच्या हाताला चकती लावली.

"आई गं!" तिने हात झटकला आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. तो चटका माझा होता, तिने आयता घेतला असं वाटलं. इतका हेवा मी तिच्या माहेरच्या दागिन्यांचाही केला नव्हता.

माझ्या मानेवर चकती लावली तेव्हा चांगलंच चटकलं. डाव्या हातावर लावली तेव्हा काहीतरी टेकलं एवढंच कळलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. उजव्या हातावर मात्र चटका बसला.

नंतर बाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. मानेची लाट उंच होती. डाव्या हाताची रेघ सरळ.

"स्पर्शाची वाट वेगळी, उष्णतेची वेगळी," त्या म्हणाल्या. "विजेच्या तपासणीत स्पर्शाची वाट कळते, ती तुमची शाबूत आहे. उष्णतेची वाट मज्जारज्जूच्या मधून पलीकडे जाते, आणि पोकळी तिथेच आहे. हे पाहा, उजव्या हाताची लाटसुद्धा ठेंगणी आणि उशिरा आलेली. तुम्हाला अजून जाणवत नसेल, पण त्रास वाढतोय. थांबून चालणार नाही."

मी घाबरायला हवं होतं. घाबरलेही, पण ते परतीच्या लाँचमध्ये. तिथे त्या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की आता माझ्याकडेही कागद आहे. जाऊने कमरेचा पट्टा नीट केला. मग म्हणाली, "आता तुमचंच दुखणं मोठं. माझ्या कमरेला कोण इचारतंय!" डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात रुसवा. ती खोटं बोलत नव्हती.

मानेचं ऑपरेशन झालं. डाव्या हाताला उष्णतेची जाण परत आली नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. उजवा हात मात्र वाचला. पुढच्या तपासणीत त्याची लाट होती तेवढीच राहिली, आणि बाई म्हणाल्या, हेच आपल्याला हवं होतं.

मला आता विस्तवाजवळ जायची बंदी आहे. जाऊ उंच स्टुलावर बसून मासे तळते. मी बाहेर फोन घेते, खोल्या देते, मासळी निवडते. परवा पुण्याहून एका नेहमीच्या पाहुण्यांचा फोन आला. "सुरमई पूर्वीपेक्षा छान लागते हल्ली," ते म्हणाले. "मसाला बदललात का?"

"मसाला तोच आहे," मी म्हटलं, आणि त्यांना मागच्या बाजूची, समुद्र न दिसणारी खोली दिली.