ओटीत घातलेला अहवाल

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात किंवा चाळीतल्या कुणाच्या तरी अर्जावर. त्यातून हे लिहायचं आहे ते माझ्याहून चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मोठ्या माणसाबद्दल, आणि मला त्यांच्याबद्दल चांगलं लिहिता येणार नाही. म्हणून आधीच माफी मागतो. आईची मागतो, कारण तिला कळलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही. आणि कारखानीस सरांना ज्यांनी ज्यांनी मानलं त्यांचीही मागतो. पण सरांबद्दल बोलणारे सगळे त्यांच्या पाया पडलेले लोक आहेत. मीही पडलो आहे, दोनदा. त्यामुळे थोडा अधिकार मलाही असावा, असं वाटतं.

सरांच्या खिशाला हिरवं पेन असायचं. परळला एका जुन्या ट्रस्टच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं केंद्र होतं. जन्मतः काही अडचण असलेली, तीन वर्षांपर्यंतची मुलं तिथे यायची. माझी बहीण चिऊ वेळेआधी जन्मली. तिचे हातपाय ताठ राहतात, मान पटकन मागे जाते. आई तिला कडेवर घेऊन लालबागहून आठवड्यातून तीनदा तिथे चालत न्यायची. मुलांचे व्यायाम घेणाऱ्या, त्यांना भरवणाऱ्या बाया रोज वहीत नोंदी करायच्या आणि शनिवारी सर त्या वह्या घेऊन बसायचे. ‘आधाराशिवाय बसता येत नाही’ असं असलं की त्यावर हिरवी रेघ, आणि वर बारीक, वळणदार अक्षरात: ‘बसण्याची तयारी उत्तम.’ ‘लाळ गळते’ यावर नुसतीच रेघ. ‘जमत नाही’ हे दोन शब्द त्या इमारतीत कागदावर टिकत नसत.

“मूल आजारी नसतं,” सर म्हणायचे, “कागद आजारी असतो. मी कागदाला औषध देतो.” हे ते प्रत्येक नव्या आईला सांगत आणि प्रत्येक नवी आई डोळे पुसत असे. मला पहिल्यांदा ऐकताना बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं की थांबायचं कुठे, मान कधी तिरकी करायची, हेही ठरलेलं आहे. सरांना सगळ्या मुलांची नावं पाठ होती. पण एखादं मूल उचलून घेतलं की खाली ठेवल्यावर ते खिशातला अत्तराचा रुमाल काढून बोटं एकेक करून पुसायचे. मग चहा. काचेच्या कपातला, कडक, आवाज करत प्यायलेला. मुलांच्या व्यायामाची वेळ चुकली तर चालायची. सरांचा चहा कधी चुकला नाही.

तीन वर्षं पूर्ण झाली की केंद्राचं काम संपायचं आणि मूल बालवाडीत जायचं. बालवाडीच्या बाईंना त्या मुलाबद्दल जे कळायचं ते केंद्राच्या अहवालातून. मूल कसं बसतं, काय खातं, कशाला घाबरतं, मदतनीस लागेल की नाही. एवढ्या एका कागदावर त्याचं पुढचं सगळं. पण सरांना कागदापेक्षा समारंभ प्यारा. त्याला ते ‘पाठवणी’ म्हणत. मुलांच्या डोक्यावर पदवीधरांसारखी काळी पुठ्ठ्याची टोपी, आणि आयांची खणानारळाने ओटी. त्या ओटीत नारळाशेजारी सर स्वतःच्या हाताने अहवाल ठेवायचे. प्लास्टिकच्या पातळ आवरणात बंद केलेला, वर चकचकीत. टोपीचं रबर हनुवटीला काचलं म्हणून चिऊ रडत होती. सर फोटोवाल्याला म्हणाले, “थांबा, हसेल. जमतंय तिला.” ती हसली नाही. मग तिचा मागून फोटो काढला. त्यात टोपी छान आली आहे.

त्या अहवालात लिहिलं होतं, ‘स्वतः बसते. स्वतः खाते.’ एके दिवशी चिऊने बिस्किटाचा तुकडा हातात धरून तोंडापर्यंत नेला होता. तो तोंडात गेला नव्हता, मांडीवर पडला होता. पण सरांनी पाहिला तो तोंडापर्यंत जाताना.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती लपवली तर सरांना नावं ठेवायला मला तोंड उरत नाही. अहवालाच्या मागे ‘पालकांचं निवेदन’ असतं. वडील कुरिअरच्या गाडीवर आणि आई चार घरी स्वयंपाकाला, तेव्हा ते लिहायचं माझ्याकडे आलं. मी विचारलं, “सर, घरी आई भरवते, ते लिहू का?” सर म्हणाले, “कॉलेजात जातोस ना तू? मग घरात नकार घेऊन जाऊ नकोस.” मी आईकडे पाहिलं. आई तिच्या मालवणीत म्हणाली, “ते शिकलेले आसत, झिला. ते सांगतत तां लिव.” मी लिहिलं. ‘घरीही स्वतः खाते’, असं चांगल्या अक्षरात लिहिलं. मग सरांच्या पाया पडलो. ती पहिली वेळ.

बालवाडी आमच्याच गल्लीत होती. तिसऱ्या दिवशी खिचडी होती. ‘स्वतः खाते’ म्हटल्यावर मदतनीस कशाला, म्हणून चिऊला सगळ्या मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसवून पुढ्यात ताटली ठेवली. शेजारच्या मुलीने प्रेमाने तिच्या तोंडात घास घातला. चिऊची मान मागे गेली आणि घास अडकला. मी तिला आणायला गेलो तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. “ओठ निळे झाले होते हो तिचे,” त्या म्हणाल्या. “पाठीत थोपटून थोपटून काढला. मी तुमचा कागद वाचूनच बसवलं ना तिला. माझ्याकडे तीस मुलं आहेत. खरं काय ते लिहून आणा, मी ठेवते तिला, मदतनीसही मागते. पण या कागदावर नाही ठेवणार. सोमवारपर्यंत आणा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल.”

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीबाहेर चिऊसाठी तेवढी एकच जागा होती.

मी देव्हाऱ्यातून अहवाल काढायला गेलो. आईने तो तिथे ठेवला होता, वर हळदकुंकू वाहिलेलं. तिने माझा हात धरला. “ओटीत इलेलां परत न्हेवूचां नसतां.”

“अगं, बदलून आणतो फक्त.”

“बदलूक तां काय दुकानातलां लुगडां? पोरीचां बरां लिवलेलां आसा त्यात. तां पुसून वाईट लिवून हाडतलंस?”

मी चिडलो, पण अहवाल तिथेच राहू दिला. त्या घरात चिऊबद्दल चांगलं लिहिलेला तेवढा एकच कागद होता. सरांना हे ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्याही रीतीने दिलेला कागद परत गेला असता, ओटीतला जात नाही. इतक्या वर्षांत एकही अहवाल दुरुस्तीला परत आला नाही, असं सर भाषणात अभिमानाने सांगायचे.

मी रिकाम्या हाताने केंद्रात गेलो. सर चहा घेत होते.

“सर, चिऊला स्वतः जेवता येत नाही.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. घरी आई भरवते.”

“मग आईला सांग, भरवू नको.”

“सर, बालवाडीत घास अडकला तिला. ओठ निळे पडले.”

“निघाला ना?”

“हो.”

“कुणी काढला?”

“बाईंनी.”

“चूक. तिने काढला. मूल खोकतं तेव्हा ते स्वतःच काढतं.” त्यांनी मोठा घोट घेतला. “जमतंय तिला. खरं तर हे अहवालात यायला हवं होतं.”

मी उभाच होतो. मला वाटलं, आता काहीतरी जोरात बोलावं. कॉलेजातली दुसरी मुलं बोलतात तसं. सरांनी रुमालाने ओठ टिपले आणि विचारलं, “पालकांचं निवेदन कुणाच्या अक्षरात आहे रे?”

मी त्यांच्या खिशातल्या हिरव्या पेनाकडे पाहिलं.

“सुंदर अक्षर आहे,” सर म्हणाले. “जपून वापर.”

आणि मी वाकून त्यांच्या पाया पडलो. का, ते मला आजही सांगता येत नाही. सवयच. बाहेर पॅसेजमध्ये आलो तेव्हा मला सरांचा जितका तिटकारा आला होता तितकाच स्वतःचाही आला होता.

पॅसेजमधल्या नळावर लोबो मिस चमचे धूत होत्या. चिऊला तीन वर्षं त्यांनीच भरवलं. त्या गिरगावातल्या एका वाडीत राहतात, मराठी आमच्यासारखंच बोलतात, फक्त भरभर. नळ सरांच्या दाराला लागूनच होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“पाया पडून आलास?”

“हो.”

“गुड. आता इकडे ये, उपयोगाचं काम कर. वही धर.”

ओले हात ॲप्रनला पुसून त्यांनी वहीतलं पान फाडलं आणि नळाच्या कट्ट्यावरच लिहायला सुरुवात केली. पाठ टेकलेली पाहिजे. पायांचे तळवे टेकलेले पाहिजेत, लटकते नाहीत. हनुवटी खाली. अर्धा चमचा, छोटा. गिळलं की मगच पुढचा. पाणी, चहा, पातळ डाळ नको, घट्ट करून द्या. भरवायला वेळ नसेल तर भरवू नका, थोडी भुकेली राहिली तरी चालेल. खाली पूर्ण नाव, सही.

“मिस, सरांना कळलं तर?”

“कळू दे ना. त्यांचं हिरवं पेन काय तुमच्या बालवाडीत येतंय?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अरे, त्यांचा अहवाल भिंतीवर लावायचा असतो. हा ताटाजवळ लावा.”

बालवाडीच्या बाईंनी ते पान खरंच ताटांच्या फळीवर चिकटवलं. घरून एक जेवायचा पाट आणला आणि लहान खुर्चीपुढे चिऊच्या पायांखाली ठेवला. मदतनीस आली. सोमवारी चिऊ वर्गात होती. थोड्याच दिवसांत ती पाटावर पाय आपटून दुसरा घास मागायला लागली, आणि तो गिळेपर्यंत तिसरा मिळत नाही हे तिला पक्कं कळलं. आईने देव्हाऱ्यातला अहवाल काढलेला नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही.

सर पुढे निवृत्त झाले. त्यांच्या सत्काराला आई नवी साडी नेसून दादरला गेली होती. पडद्यावर चिऊचा तो टोपीचा, मागून काढलेला फोटो दाखवला म्हणे. आई टाळ्या वाजवून आली. मी घरी बसून चिऊला भरवत होतो आणि मनात सरांना नाटकी, खोटा, ढोंगी असं एकेक नाव देत होतो. बरीच वर्षं मी त्यातल्या ‘ढोंगी’ या शब्दावर ठाम होतो.

गेल्या महिन्यात मसाल्याच्या गल्लीत लोबो मिस भेटल्या. मिरच्या कुटायला दिल्या होत्या, नाकाला रुमाल लावून थांबल्या होत्या. चिऊची चौकशी झाली. मग म्हणाल्या, “सर गेले, कळलं ना?”

कळलं नव्हतं. जाऊन तीन महिने झाले होते.

“अर्धांगवायू झाला. तोंड एका बाजूला. मी भेटायला गेले, बघते तर पाणी प्यायले की ठसका. सुनेला म्हटलं, पातळ काही देऊ नका, चहा तर नाहीच, कुणाला तरी गिळणं तपासू द्या. ती म्हणाली, तपासायला आले होते, बाबांनीच परत पाठवलं.”

“काय सांगून?”

मिसनी रुमाल नाकावरून काढला. “बोलता येत नव्हतं रे. कागद मागितला आणि डाव्या हाताने लिहिलं, जमतंय. सुनेने मला दाखवला तो कागद. मग चहा मागितला त्यांनी, आणि तिने दिला.”