शी आणि हर

शिरोळहून कोल्हापूरला येताना एसटीत शेजारच्या म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "पावणं, इंग्रजीत 'ती' म्हंजी शी का हर?"

मी कारण विचारलं.

"माझी सून तिकडची, गोरी. तिची आई परवा गेली. तिला मराठी येत न्हाय, म्हणून मी बोलायचंच न्हाय व्हय?"

मी सांगितलं, तिनं माया केली तर शी, तिच्यावर माया केली तर हर. हातकणंगल्यापर्यंत ती हेच घोकत राहिली. मग भरल्या गाडीत तिनं सुनेला फोन लावला.

"शी लव्ह यू. यू लव्ह हर." जरा थांबून म्हणाली, "नाऊ मी लव्ह यू."

पलीकडून हुंदका ऐकू आला. तिथं 'आय' हवं होतं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही.