ताटावरचा आडवा हात

पानशेतच्या माझ्या खानावळीत पुण्याची एक बाई दर रविवारी येते. कॅन्सरवर संशोधन करते, आणि स्वतः खाते चिमणीएवढं. भात वाढायला गेलो की ताटावर हात आडवा धरते, "पुरे, काका!" माझी बायको, कॅन्सरनंच गेली ती, तो हात सारून वाढायची. मला ते जमत न्हाई.

परवा तिनं असाच हात आडवा धरला तवा म्या विचारलं, "तुमी शोधता तरी काय?"

"पेशीला 'वाढ' असा निरोप येतो, काका. 'पुरे' म्हणणारी प्रथिनं पण असतात. ती बिघडली की पेशी वाढतच राहते."

'वाढ' म्हणल्यावर मला हातातली भातवाढीच दिसली.

"मंग आमच्या हिच्यात पुरे म्हणणारं कुणीच नव्हतं व्हय?"

"असेल. पेशीनं ऐकलं नसेल. का ऐकत नाही, तेच शोधतेय."

मी भात घेऊन तसाच उभा. बाईनं ताटावरचा हात काढला, म्हणाली, "वाढा."