मापाचा जुना सदरा

"माझ्या अंगात पोलीस फार, चोर एकही नाही," असं मास्तर एकदा म्हणाले होते.

मास्तर म्हणजे शिंपी. दोन मशिनी, एक आरसा आणि काउंटरवर बसणारी त्यांची मुलगी, एवढंच दुकान. सोरायसिस तरुणपणीच झालेला. कोपरांपासून बोटांपर्यंत लाल चट्टे, त्यांवर पांढुरके पापुद्रे. हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं आणि प्रत्येकाने मान डोलावत एक पाऊल मागे घेतलं. शिलाई मात्र त्यांचीच हवी. मग गल्लीने तोड काढली: मापाला जुना सदरा पाठवायचा. अंगावर टेप लावून माणूस मोजल्याला वर्षं लोटली होती. "माझी गिऱ्हाइकं खुंटीला टांगलेली असतात," मास्तर म्हणायचे, "पोट आत घेऊन फसवत नाहीत."

मुलीचं लग्नही याच हातांवर अडलं. मुलाच्या वडिलांचा निरोप आला, "घाई कसली? बघू." मुलगा चांगला होता. ती थांबली.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुचवलं. "रक्तातल्या टी पेशी म्हणजे पहारेकरी. तुमच्या उगाच तुमच्याच कातडीवर तुटून पडतात. त्यांना चेतवणारा निरोप हे औषध मध्येच अडवतं."

"आणि खरा चोर आला तर?"

"म्हणून आधी क्षयाची तपासणी."

मास्तरांचं रक्त घेऊन त्यातल्या पेशींना क्षयाच्या जंतूचे अंश दाखवले. पेशी ढिम्म. म्हणजे क्षय अंगात दडलेला नव्हता.

"घरच्यांना झोडपतात आणि चोराची ओळखसुद्धा नाही," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. "या औषधावर असताना क्षय शिरला, तर त्याला आवरायला त्या कमी पडतील. जुना खोकला असलेल्या माणसापासून लांब राहा."

हात स्वच्छ झाले. सदरे यायचे थांबले, माणसं येऊ लागली. मनगटावर बोट फिरवून बघत, तोंडाजवळ तोंड आणून कौतुक करत. मास्तरांपासून कुणाला धोका नव्हता तेव्हा गल्ली लांब होती. आता गल्लीपासून मास्तरांना होता, तर ती खेटून उभी होती.

आणि एक दिवस होणारे व्याही स्वतः आले, लग्नाचा कोट शिवायला.

"या मास्तर, घ्या माप! आता कसली भीती?" म्हणाले, आणि वाकून वाकून खोकले.

मास्तर टेप हातात धरून जागच्या जागी थांबले.

"काका, खोकला कधीपासून आहे?" मुलीने विचारलं.

"झाला महिना-दीड महिना. साधाच गं. तुझ्या बाबांसारखं काही नाही." मग मास्तरांना, "आखडता कशाला? आमच्या अंगाला हात लावायचा कमीपणा वाटतो की काय?"

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं. तिचं लग्न समोर दोन्ही हात पसरून उभं होतं. ते पुढे सरकले.

मुलगी उठली. तिने खिडकी सताड उघडली, वडिलांच्या हातातून टेप काढून घेतली.

"काका, आधी खोकला डॉक्टरांना दाखवा. आणि मापाला तुमचा जुना कोट पाठवून द्या. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

व्याह्यांचे हात पसरलेलेच राहिले. "म्हणजे? मी काय रोगी आहे?"

हे वाक्य मास्तरांना तोंडपाठ होतं. आजवर ते त्यांचं होतं. व्याह्यांनी पायात चपला सरकवल्या आणि ते बाहेर पडले.